पेनड्राइव्ह हळू चालतो म्हणून लिनक्सला शिव्या देणाऱ्यांसाठी

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा. पण ज्यांच्या घरी जमिनीचे कागद, जुने फोटो, लग्नाच्या कॅसेटवरून काढलेले व्हिडिओ असं काहीबाही पेनड्राइव्हमध्ये पडून आहे, त्यांनी वाचाच.

“लिनक्स टाकलंय ना दादा, म्हणून पेनड्राइव्ह स्लो आहे. विंडोज मारा, पाच मिनिटांत काम होतंय.” गेल्या महिन्याभरात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आता उत्तर लिहूनच टाकावं म्हटलं. माझं स्टँडसमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. अठरा वर्षं झाली. दिवसाला वीस-पंचवीस पेनड्राइव्ह हातातून जातात. मी काही इंजिनियर नाही, पण पेनड्राइव्हची नाडी मला कळते एवढं म्हणायला हरकत नाही.

विषय काय आहे ते आधी सांगतो. आपल्या धरणात गेलेल्या ११ वाड्यांच्या लोकांनी यंदा ठरवलं की प्रत्येक घरातले कागद बाहेर काढायचे, फोटो काढायचे आणि सगळ्यांचा एक संच करायचा. निवाड्याच्या नकला, कलम १२(२) च्या नोटिसा, ताबा पावत्या, जुने सातबारे, फेरफार, मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम भरल्याची चलनं, प्रकल्पग्रस्ताचे दाखले. पत्र्याच्या पेटीत, गहू ठेवायच्या कणगीमागं, देवाच्या फोटोच्या चौकटीत, कुठून कुठून निघाले हे कागद. घडीवर फाटलेले, शाई उडालेली. कचेरीत अर्ज दिला की उत्तर येतं, “सदर अभिलेख आढळून येत नाही.” म्हणजे काकूंच्या ट्रंकेत जी पावती आहे, तीच जगातली एकमेव प्रत. ती वाळवीनं खाल्ली की त्या घराचा हक्क तोंडी राहिला. नातवाला नोकरीत प्रकल्पग्रस्तांच्या ५ टक्के समांतर आरक्षणातून अर्ज करायचा तर तो दाखला लागतो. हौसेचा मामला नाही हा.

पोरांनी तीन आठवडे राबून ९,२०० फोटो काढले. एकूण २३ जीबी. मोबाइल भरून गेले होते, मूळ कागद ज्याच्या त्याच्या घरी परत गेले होते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सुनावणीची तारीख लागली होती. त्याआधी प्रत्येक वाडीच्या कमिटीकडं एक याप्रमाणे ११ पेनड्राइव्ह द्यायचे ठरलं.

लॅपटॉप होता वाचनालयाचा, देणगीत आलेला. ८ जीबी रॅम. विंडोज १० चा आधार कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला आणि विंडोज ११ ला हे जुनं यंत्र चालत नाही. मग काय, चांगलं चालणारं मशीन भंगारात घालायचं? का कुणाकडून चोरीची विंडोज टाकून घ्यायची? वाचनालयानं लिनक्स मिंट टाकलं. फुकट आहे, कायदेशीर आहे, मराठी टायपिंग होतंय. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात. आपल्याकडं मात्र काही अडलं की पहिलं बोट लिनक्सकडं.

आणि अडलं खरंच. पहिला पेनड्राइव्ह लावला. सुरुवातीला वेग दिसला सेकंदाला ४०० एमबी. पोरं खूश. तीन-चार सेकंदांत सव्वा जीबी सरकलं आणि पट्टी थांबली. हलेना. मग थोडी हलायची, मग पुन्हा थांबायची. सव्वातीन तासांनी १०० टक्के झालं. एकानं “झालं रे” म्हणून काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी विंडोजच्या कॉम्प्युटरवर लावला तर शेवटच्या वाडीचे फोटोच नाहीत. साधारण पावणेपाचशे फोटो गायब. तेव्हा लॅपटॉप माझ्या दुकानात आला, “विंडोज मारा” अशा निरोपासकट.

मी विंडोज मारली नाही. दोन दिवस बसून एकेक गोष्ट तपासली. जे निघालं ते क्रमानं सांगतो.

*पहिली गोष्ट : पट्टी खोटं बोलते.*

लिनक्सवर तुम्ही फाइल कॉपी केली की ती आधी रॅममध्ये ठेवली जाते आणि मागच्या बाजूनं सावकाश पेनड्राइव्हवर उतरवली जाते. दुकानात घाई असली की आपण माल आधी फळीवर उतरवून घेतो, गोदामात नंतर लावतो, तसं. फळी किती मोठी, याचं माप ठरलेलं आहे. मूळ सेटिंगमध्ये उपलब्ध रॅमच्या २० टक्क्यांपर्यंत असा न उतरलेला माल ठेवायला परवानगी असते. १० टक्क्यांना मागं उतरवायचं काम सुरू होतं, २० टक्क्यांना पुढचं काम अडवलं जातं. आमच्या लॅपटॉपमध्ये साधारण ६ जीबी रॅम मोकळी, म्हणजे फळी सव्वा जीबीची. पहिलं सव्वा जीबी जे ४०० च्या वेगानं गेलं ते पेनड्राइव्हवर गेलंच नव्हतं, रॅममध्ये गेलं होतं. फळी भरली आणि मग खरा वेग दिसायला लागला.

आणि शेवटी पट्टी १०० टक्के झाली तेव्हासुद्धा सव्वा जीबी फळीवरच होतं. अडीच एमबीचा एक फोटो धरला तर ४८० फोटो. हिशोब जुळला. शेवटच्या वाडीचे फोटो लिनक्सनं खाल्ले नाहीत, ते पोचायच्या आत गाडी हलवली.

हे काही गुपित नाही. २०१३ साली खुद्द लिनक्सच्या कर्नलवर काम करणाऱ्यांत यावरून मोठी चर्चा झाली होती आणि लिनस टोरवाल्ड्सनंही मान्य केलं होतं की रॅम जास्त असलेल्या आजच्या मशीनना हे टक्केवारीचं माप शोभत नाही. टक्केवारी ठरली तेव्हा रॅम थोडी होती. रॅम वाढली, फळी वाढली, पेनड्राइव्ह तिथंच राहिला.

विंडोजमध्ये हे का दिसत नाही? कारण बाहेरून लावलेल्या ड्राइव्हसाठी विंडोजनं ‘पटकन काढता येईल’ अशी सेटिंग ठेवलेली असते, तिथं फळी जवळजवळ वापरतच नाहीत. विंडोज १० च्या २०१८ च्या अपडेटपासून बाहेरच्या सगळ्याच ड्राइव्हना हीच मूळ सेटिंग आहे. म्हणजे पट्टी खरी दिसते. पेनड्राइव्ह तेवढाच हळू असतो.

उपाय दोन. पहिला सगळ्यांसाठी : पेनड्राइव्ह काढायच्या आधी ‘इजेक्ट’ दाबा आणि “आता काढू शकता” असं येईपर्यंत हात लावू नका. तीन मिनिटं लागली तर तीन मिनिटं. ज्याला टर्मिनल उघडता येतं त्यानं ‘सिंक’ लिहून एंटर मारावं. फळी रिकामी होईपर्यंत कर्सर परत येत नाही. किती माल उरलाय ते पाहायचं असेल तर ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये ‘मेमइन्फो’ नावाची फाइल आहे, तिच्यात ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ अशा दोन ओळी असतात. त्यांचे आकडे खाली येताना बघत बसायला मजा येते.

दुसरा उपाय, ज्यांना सेटिंगला हात लावायची सवय आहे त्यांच्यासाठी : फळी छोटी करायची. ‘व्हीएम.डर्टी_बाइट्स’ ४८ एमबी आणि ‘व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स’ १६ एमबी असं मी ठेवलं. आकडा बाइटमध्ये द्यावा लागतो, म्हणजे ५०३३१६४८ आणि १६७७७२१६. यानं पेनड्राइव्हचा वेग वाढत नाही, हे नीट लक्षात घ्या. पट्टी खरं बोलायला लागते, एवढंच. आता १०० टक्के झाल्यावर फार तर सात-आठ सेकंद थांबावं लागतं.

*दुसरी गोष्ट : भोक कोणतं.*

लॅपटॉपला तीन यूएसबीची भोकं होती. डावीकडं दोन काळी, उजवीकडं एक निळं. यूएसबी २ चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात ३० ते ४० एमबी. यूएसबी ३ चा ५ गिगाबिट, म्हणजे दहापट. बऱ्याच मशीनवर ३ चं भोक निळं असतं, पण रंगावर जाऊ नका, सक्ती नाही त्याची. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ लिहून स्पेस देऊन ‘-टी’ (सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत) लिहिलं की झाड दिसतं, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी आकडा असतो. ५००० असेल तर ३, ४८० असेल तर २, आणि १२ दिसला तर समजायचं की १९९० च्या दशकातल्या वेगानं काम चाललंय. त्या वेगानं २३ जीबीला सहा तासांच्या वर लागतात.

पोरांनी टेबलावर सोयीचं पडावं म्हणून लांबलचक एक्स्टेन्शन वायर लावली होती. अशा स्वस्तातल्या वायरनं ३ चा ड्राइव्ह २ वर येतो, किंवा मधेमधे तुटतो आणि पुन्हा जोडला जातो. ‘डीमेसेज’ची यादी पाहिली तर ‘रीसेट’च्या ओळींवर ओळी. वायर काढली, ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावला, रीसेट बंद. आणखी एक गंमत : ३ चा ड्राइव्ह फार हळूच सरकवत आत घातला तर कधीकधी तो २ म्हणूनच ओळखला जातो, कारण पुढच्या पिना आधी टेकतात आणि मागच्या नंतर. काढून एका झटक्यात नीट घातला की ५००० दिसतो.

जाता जाता, ही यूएसबी घडवणाऱ्या चमूतला महत्त्वाचा माणूस म्हणजे अजय भट्ट, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. पण नावांचा घोळ ज्यांनी घातला त्यांना कोपरापासून नमस्कार. २००८ साली आलेली यूएसबी ३.०, तिचंच नाव नंतर ३.१ जेन १ झालं, आणि २०१९ मध्ये ३.२ जेन १. वेग तोच, ५ गिगाबिट. डब्यावर ३.२ वाचून गिऱ्हाइकाला वाटतं नवीन आलंय.

*तिसरी गोष्ट : सुटे फोटो.*

९,२०० सुटे फोटो म्हणजे ९,२०० वेळा नोंद. पेनड्राइव्हवर बहुतेक वेळा फॅट नावाची पद्धत असते. प्रत्येक फाइलीसाठी फोल्डरमध्ये नाव लिही, कुठल्या कप्प्यात ठेवली त्याचं टिपण लिही, पुन्हा पुढची. तलाठ्यानं ९,२०० फेरफार एकेक करून धरल्यासारखं. आणि फ्लॅश मेमरीचा स्वभाव असा की दोन ओळी बदलायच्या असल्या तरी मोठा कप्पा पुसून पुन्हा लिहावा लागतो. त्यामुळं वेग २ एमबीच्याही खाली आला होता.

यावर आमचा तोडगा असा : प्रत्येक वाडीची एक झिप. साधारण दोन-दोन जीबीच्या ११ झिप. झिप करताना दाबून लहान करायच्या भानगडीत पडलो नाही, फोटो आधीच दाबलेले असतात, वेळ मात्र जातो. ‘स्टोअर’ निवडलं, नुसती गाठोडी बांधली. तोच ड्राइव्ह, तेच फोटो, वेग ७ एमबीवर आला आणि सव्वातीन तासांचं काम ५५ मिनिटांत झालं. त्या-त्या वाडीच्या ड्राइव्हवर तिचे स्वतःचे फोटो सुटेसुद्धा ठेवले, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला झिप उघडायची कटकट नको.

गाठोडी दोन-दोन जीबीचीच का? फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल राहतच नाही. एक्सफॅटमध्ये राहते, आणि ते लिनक्सलाही आता नीट वाचता येतं. कर्नल ५.७ पासून, म्हणजे २०२० पासून, चांगला ड्रायव्हर आत आहे. पण गावोगावी जुने टीव्ही, जुने कॉम्प्युटर. लहान गाठोडी सगळीकडं चालतात.

आणि एक सावधगिरी. इंटरनेटवर कुणीतरी सल्ला देतं, पेनड्राइव्ह ‘सिंक’ पर्यायानं माउंट करा म्हणजे फळीच वापरणार नाही. फॅटवर हे करू नका. प्रत्येक तुकड्यागणिक तीच टिपणाची जागा पुन्हा पुन्हा घासली जाते, वेग रसातळाला जातो आणि ड्राइव्हचं आयुष्यही कमी होतं. वर सांगितलेली ‘सिंक’ कमांड वेगळी, ती शेवटी एकदा मारायची.

*चौथी गोष्ट : ड्राइव्ह मुळातच हळू.*

हे ऐकायला कुणाला आवडत नाही. डब्यावर लिहिलेला वेग बहुतेक वेळा वाचायचा असतो, लिहायचा नाही. “अमुक एमबीपर्यंत” यातला ‘पर्यंत’ शब्द मुंगीएवढा छापलेला असतो. स्वस्त ड्राइव्हमध्ये एका पेशीत तीन-तीन, चार-चार बिट कोंबलेले असतात, तिथं लिहायला वेळ लागतो. सुरुवातीचा थोडा भाग चटकन लिहून घेतात आणि मग दम लागतो. नखाएवढे धातूचे ड्राइव्ह तापतात, तापले की आणखी मंदावतात. माझ्या गल्ल्यात एक जुना, बऱ्यापैकी चांगला ड्राइव्ह होता. तोच लॅपटॉप, तेच लिनक्स, तेच निळं भोक. २३ जीबी सोळा मिनिटांत. आता सांगा, दोष कुणाचा?

*पाचवी गोष्ट, आणि या पोस्टचं खरं कारण.*

११ ड्राइव्हपैकी आठ मंद होते, एकेकाला तासभर. तीन मात्र भलतेच चपळ निघाले. सात-एक जीबीपर्यंत तेही रखडत होते, पण त्यानंतर सुसाट. पोरं म्हणाली, “हे तीन भारी आहेत, असलेच आणायला पाहिजे होते.” मला ते बरं वाटेना. दमलेला बैल चढावर पळायला लागला तर गाडी जोडलेली आहे का ते बघावं.

लिनक्सवर ‘एफ३’ नावाचं फुकट साधन आहे. नावच ‘फाइट फ्लॅश फ्रॉड’ यावरून आलंय, मिशेल माचाडो नावाच्या माणसानं केलेलं. दोन भाग असतात : ‘एफ३राइट’ सगळा ड्राइव्ह ओळखीच्या मजकुरानं भरतो, ‘एफ३रीड’ तो परत वाचून ताडून बघतो. वेळ खातं, पण निकाल पक्का. ते तिन्ही ड्राइव्ह ६४ जीबीचे म्हणून घेतलेले. खरी जागा निघाली सात जीबीच्या आसपास.

हा धंदा असा चालतो : आत ८ जीबीची चिप टाकायची आणि तिच्या नियंत्रकाला शिकवून ठेवायचं की कुणी विचारलं तर ६४ सांग. कॉम्प्युटर विचारतो, तो ६४ सांगतो. कॉम्प्युटर विश्वास ठेवतो. भरायला लागलं की आठच्या पुढचं सगळं हवेत. फाइलचं नाव दिसतं, आकारसुद्धा बरोबर दिसतो, उघडली की आत काही नाही. लिहायचंच नसल्यामुळं वेग मात्र जबरदस्त!

त्या तीन ड्राइव्हवर पहिल्या तीन वाड्यांची गाठोडी शाबूत होती. बाकीच्या आठ वाड्या नुसत्या नावाला. हळू चालणारे आठ ड्राइव्ह खरं काम करत होते म्हणून हळू होते. आणि आपण शिव्या देत होतो त्यांना.

हे तीन तसेच वाटले गेले असते तर? सुनावणीला साहेबांनी म्हटलं असतं “दाखवा”, आणि तीन वाड्यांच्या माणसांनी पेनड्राइव्ह लावून रिकाम्या फाइली दाखवल्या असत्या. वकिलाच्या फीपेक्षा महाग पडला असता तो १८० रुपयांचा ड्राइव्ह.

विकणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. डब्यावरचं नावसुद्धा लिहीत नाही, कारण नकली मालावर कुणाचंही नाव छापता येतं. शहरातून घाऊक घेतले होते, बिल नव्हतं. इथं मात्र थोडं कडक बोलतो. बिल मागा. डब्यावर एमआरपी, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलं हे छापलेलं नसेल तर घेऊ नका. वेष्टित मालाच्या २०११ च्या नियमांनी ते बंधनकारक आहे. फसलात तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही. दोनशे रुपयांसाठी कोण जाणार, असं वाटतं ना? नकली माल विकणाऱ्याचं सगळं गणित त्या एका वाक्यावर चालतं.

*तपासायचं कसं.*

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं शहाणीसुरती माणसंही फसतात. कॉपी झाल्या झाल्या फाइल उघडून “दिसतंय की” म्हणू नका. तुम्हाला दिसतंय ते अजून रॅममध्ये असलेलं. ड्राइव्ह इजेक्ट करा, काढा, पुन्हा लावा, मग उघडा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावलात तर उत्तमच.

आम्ही पुढं जाऊन प्रत्येक गाठोड्याचा ‘शा-२५६’ काढला. हा एक लांबलचक ठसा असतो, अंगठ्याच्या ठशासारखा. फाइलमधलं एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो. ११ ठशांची यादी एका पानावर छापली आणि प्रत्येक कमिटीला पेनड्राइव्हबरोबर दिली. उद्या कुणी म्हणालं की तुमच्या फाइलीत फेरफार झालाय, तर ११ ठिकाणचे ठसे समोर ठेवता येतील. तीन नकली ड्राइव्ह बदलून बिलासकट नवे घेतले. हिशोब कमिटीच्या वहीत आहे, कुणीही बघावा.

आता जरा सार्वजनिक बोलतो, कारण नुसतं पेनड्राइव्हचं पुराण सांगायला एवढं लिहिलं नाही.

आपल्याकडं कागद जपायची जबाबदारी कुणाची? निवाडा सरकारनं केला, नोटीस सरकारनं काढली, ताबा सरकारनं घेतला, पावती सरकारनं दिली. आणि पन्नास वर्षांनी पुरावा मागतात कुणाकडं? ज्याचं घर पाण्याखाली गेलं त्याच्याकडं. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा, मग १९८६ चा, मग १९९९ चा. कायदे तीनदा झाले. कोयनेच्या धरणग्रस्तांची तिसरी-चौथी पिढी अजून अर्ज घेऊन फिरते. माहिती अधिकारात कागद डिजिटल मागावेत तर केंद्राच्या २०१२ च्या नियमांत दर लिहिलाय फ्लॉपीचा, एका फ्लॉपीला ५० रुपये. फ्लॉपी! आजच्या एका फोटोला दोन फ्लॉपी लागतील.

मंत्रालयातल्या तक्त्यात आपल्या गावठाणापुढं ‘पुनर्वसन पूर्ण’ असं लिहिलेलं आहे. रस्ता, पाणी, शाळा, स्मशानभूमी धरून ज्या १८ नागरी सुविधा द्यायच्या त्यातल्या किती पोचल्या, ते तिथं राहणाऱ्यांना विचारा. वरची पट्टी १०० टक्के दाखवते, माल फळीवरच पडून. आपल्याला या गोष्टीची सवय असायला हवी होती खरं तर. पट्टी बघून उठायचं नाही, प्रत्यक्ष उघडून बघायचं. सरकारी तक्ता असो नाहीतर पेनड्राइव्ह.

आणि लिनक्सबद्दल. लिनक्समध्ये दोष नाहीत असं मी म्हणत नाही. ते फळीचं माप दोषच आहे आणि इतकी वर्षं सामान्य माणसासाठी सरळ झालेलं नाही, याचा रागही येतो. पण तो दोष मला सापडला, वाचता आला, आकडा बदलून सुधारता आला, त्याला कुणाची परवानगी लागली नाही. ड्राइव्ह नकली आहे हे सांगणारं साधनही त्याच जगातून फुकट मिळालं. ड्राइव्ह नकली असता तर विंडोजनंही तो आनंदानं भरला असता आणि पट्टी छान हिरवी दाखवली असती.

शेवटची सूचना वडीलधाऱ्यांसाठी. पेनड्राइव्ह म्हणजे तिजोरी नव्हे. फ्लॅश मेमरीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते, आणि नुसता कपाटात पडून राहिला तर वर्षांनुवर्षांत तो भार गळत जातो. म्हणून प्रत्येक कमिटीला सांगितलंय, वर्षातून एकदा, गावच्या जत्रेला म्हणा किंवा १ मे ला म्हणा, ड्राइव्ह लावायचा, ठसे ताडायचे, नव्यावर उतरवायचा. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक वाचनालयाच्या हार्डडिस्कवर, एक वाडीबाहेर कुणा नातेवाइकाकडं. आणि मूळ कागद कोरड्या जागी, लॅमिनेशन न करता. लॅमिनेशननं कागद अडकतो, पुन्हा सुटत नाही. हे झेरॉक्सवाला सांगतोय, ज्याला लॅमिनेशनचे पैसे मिळतात.

सुनावणीला अकराही संच वेळेत गेले. निकाल यायचाय, तो आला की वेगळं लिहीन.

तोवर एक करा. घरात “६४ जीबी”, “१२८ जीबी”, “२ टीबी” असं काही लिहिलेला स्वस्तातला पेनड्राइव्ह असेल तर दुकानात घेऊन या. फुकट तपासून देतो, पैसे घेत नाही. तपासताना सगळं पुसलं जाईल, म्हणून आतलं आधी दुसरीकडं उतरवून आणा. ते जमत नसेल तर तेही आपण बसून करू. फक्त सकाळी ११ च्या आत या, नंतर दाखल्यांची गर्दी असते.

आणि थांबायची तयारी ठेवून या. खरा असेल तर वेळ लागेल.

(पोस्ट शेअर करायला विचारायची गरज नाही. धरणाच्या पलीकडच्या वाड्यांच्या ग्रुपवर नक्की टाका.)